पहिला कुत्रा घरी आणताना: रस्त्यावरचा की जातिवंत?

कुत्रा पाळायचं एकदा नक्की झालं की घरात खरी वादावादी सुरू होते. एकाला लॅब्रेडॉरच हवा असतो, कारण तो म्हणे शहाणा असतो. दुसऱ्याचं म्हणणं, रस्त्यावर इतकी पिल्लं आहेत, विकत कशाला आणायचं? तिसऱ्याने कुठेतरी ऐकलेलं असतं की भटकं कुत्रं घरात टिकत नाही. तिघेही जातीवरून भांडत असतात आणि कुत्र्याचं वय किती असावं हे कुणी विचारतच नाही.

पहिल्यांदा कुत्रा आणणाऱ्याने माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. पिल्लू कुठल्याही जातीचं असो, मोठेपणी ते कसं निघेल हा अंदाजच असतो. दीड-दोन वर्षांचा कुत्रा मात्र जसा आहे तसा समोर उभा असतो. किती वाढलाय, किती भुंकतो, मुलांना बिचकतो का, एकटा राहतो का, हे सगळं बघून ठरवता येतं. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. तरी जातीचा प्रश्न टाळता येत नाही, म्हणून क्रमाने जाऊ.

१. आधी घराचा दिवस मांडून बघा

कागद घ्या आणि घरातला नेहमीचा दिवस लिहा: कोण किती वाजता बाहेर पडतं, घर किती तास रिकामं असतं, पहाटे कोण उठतं. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू-शीसाठी बाहेर न्यावं लागतं. ढोबळ हिशेब असा की पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्याहून फार तर एखादा तास जास्त ते दिवसा धरू शकतं. रात्रीही एक-दोनदा उठावं लागतं. घर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा रिकामं असेल तर पिल्लू आणूच नका, मग ते रस्त्यावरचं असो वा दहा पिढ्यांची वंशावळ असलेलं. मोठा कुत्रा चार-पाच तास निवांत झोपून काढू शकतो, पण त्यालाही ती सवय हळूहळू लावावी लागते.

दुसरा प्रश्न, तुम्ही गावाला गेलात तर त्याला कोण सांभाळणार? 'बघू तेव्हा' हे उत्तर चालत नाही. बहुतेक कुत्री दहा ते तेरा वर्षं जगतात, म्हणजे तेवढ्या वर्षांतल्या सगळ्या सुट्ट्या, आजारपणं आणि घरबदल यात आले. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी तोंडी न घेता लेखी घ्या.

घरात कुणाला ॲलर्जी असेल तर 'केस न गळणारी जात घ्या' या सल्ल्यावर विसंबू नका. ॲलर्जी केसांमुळे होत नाही, तर कुत्र्याच्या लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते, आणि ती प्रत्येक कुत्र्यात असतात. जो कुत्रा आणायचा आहे त्याच्याच सहवासात त्या माणसाने काही वेळा तास-दोन तास घालवावेत. तपासायचा खात्रीचा मार्ग तोच.

२. जातिवंत कुत्र्याच्या कागदात काय असतं, काय नसतं

आज आपण ज्यांना जाती म्हणतो त्यातल्या बहुतेक गेल्या दीडशे वर्षांत घडल्या. लंडनमध्ये १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला, नोंदवह्या सुरू झाल्या, प्रत्येक जातीचं 'प्रमाण' ठरलं आणि त्यानंतर एका जातीचा संकर त्याच जातीत व्हायला लागला. वंशावळीच्या कागदावर आई-बाप, आजी-आजोबा यांची नावं असतात. कुत्रा निरोगी आहे किंवा मायाळू निघेल, असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

त्या कागदावरून आकार, केसांचा प्रकार आणि मोठेपणचं वजन बऱ्यापैकी सांगता येतं, आणि ही माहिती कामाची आहे. लहान घरात ग्रेट डेनचं पिल्लू आणणाऱ्याला तो किती वाढणार हे आधीच कळतं. रस्त्यावरून उचललेल्या महिन्याभराच्या पिल्लाबाबत हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

स्वभावाचं मात्र तसं नाही. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला सुमारे ९ टक्के भागच जातीवरून सांगता येतो, असं त्यात आढळलं. सांगितलेलं ऐकण्याच्या बाबतीत जातीचा प्रभाव थोडा जास्त दिसला. किती लवकर चिडतो किंवा बिथरतो, या बाबतीत तो अगदी कमी होता. बॉर्डर कोलीला धावणाऱ्या वस्तूंमागे जाण्याची ओढ असते आणि बीगल नाक जमिनीला लावून चालतो हे खरंच आहे. पण 'लॅब्रेडॉर आहे, चावणारच नाही' या भरवशावर लहान मूल आणि कुत्रा एका खोलीत सोडून जाऊ नका.

आता आजारांकडे येऊ, कारण जात निवडताना लोक नेमकं हेच विचारायचं विसरतात. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांचं नाक इतकं आखूड केलं गेलंय की अनेकांना आयुष्यभर नीट श्वास घेता येत नाही. उन्हात थोडं धावले तरी त्यांचा जीव जाऊ शकतो. ब्रिटनमधल्या एका पाहणीत बुलडॉगची ऐंशी टक्क्यांहून अधिक बाळंतपणं शस्त्रक्रियेने झालेली आढळली, कारण पिल्लांची डोकी मोठी आणि आईचं कटिर अरुंद. झोपेत घोरणारा पग लोकांना गोड वाटतो. ते घोरणं म्हणजे श्वासाला होणारा अडथळा असतो, आणि एकदा हे कळलं की ते गोड वाटेनासं होतं. डाक्सहुंडच्या लांब पाठीत मणक्यांमधल्या चकत्या सरकतात. जर्मन शेफर्ड आणि लॅब्रेडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष वारंवार दिसतो. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलला हृदयाच्या झडपेचा आजार इतका सर्रास होतो की पिल्लू घेण्याआधी त्याच्या आई-बापांच्या हृदयाची तपासणी झालीय का, हे विचारलंच पाहिजे. लॅब्रेडॉरच्या खादाडपणामागेही अनेकदा एक जनुकीय बदल असतो. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रेडॉरमध्ये तो सापडतो, आणि अशा कुत्र्याला दोन जेवणांच्या मधल्या वेळातही जास्त भूक लागते.

मग मिश्र रक्ताचा कुत्रा म्हणजे लोखंड का? तसंही नाही. अमेरिकेत २०१३ साली सत्तावीस हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून २४ आनुवंशिक आजारांची तुलना केली गेली. त्यातले १० आजार जातिवंतांमध्ये जास्त निघाले, गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा एक मिश्र कुत्र्यांमध्ये जास्त निघाला आणि उरलेल्या १३ आजारांत फरकच दिसला नाही. रस्त्यावरचा मोठा कुत्रा दणकट दिसतो याचं एक कारण असंही आहे की त्याची अशक्त भावंडं पहिल्या काही महिन्यांतच गेलेली असतात, आणि ती आपल्या हिशेबात कधी येतच नाहीत.

या काटकपणाची एक काळी बाजूही आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी अंतराळात पाठवायला मॉस्कोच्या रस्त्यावरची कुत्री निवडली, कारण थंडी आणि उपासमार त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. १९५७च्या नोव्हेंबरमध्ये लायका अशीच गेली आणि काही तासांतच यानातल्या उष्णतेने मेली. 'रस्त्यावरचा आहे, त्याला काही होत नाही' म्हणत लस चुकवणारे आणि गच्चीत उन्हात बांधून ठेवणारे लोक आजही भेटतात. घरी आणला की तोही पाळीव कुत्राच. त्याला लागणारी लस, अन्न, सावली, डॉक्टर यात एका पैशाचीही सूट नसते.

३. सगळी भटकी कुत्री सारखी नसतात

'भटका कुत्रा दत्तक घ्यायचाय' एवढ्याने काही ठरत नाही. निदान चार वेगळ्या प्रकारची कुत्री त्यात येतात.

पहिला, हरवलेला किंवा कुणीतरी सोडून दिलेला पाळीव कुत्रा. हा बऱ्याचदा जातिवंतही असतो. गळ्यात पट्ट्याचा वण दिसतो, 'बस' म्हटलं की बसतो, बंद गाडीच्या दाराशी जाऊन उभा राहतो. असा कुत्रा मिळाला तर आधी त्याचा मालक शोधा. पशुवैद्याकडे मायक्रोचिप वाचायचं यंत्र असेल तर मान आणि खांद्यांवरून ते फिरवून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते आणि तीत बहुधा पंधरा आकडी क्रमांक असतो, त्या क्रमांकाच्या नोंदणीवरून मालक सापडू शकतो.

दुसरा, वस्तीत वाढलेला, माणसांना सरावलेला कुत्रा. चार जण त्याला खायला घालतात, मुलं त्याच्या अंगावर लोळतात. हा घरात उत्तम रमू शकतो. पण तो आहे तिथेच सुखात असेल, लस आणि नसबंदी झालेली असेल आणि त्याची हक्काची माणसं असतील, तर त्याला उचलून चार भिंतींत आणण्याआधी थोडा विचार करा. कुत्रा घरात आणणं हा नेहमीच त्याच्यावर उपकार असतो असं नाही. ज्याला गाडीची धडक बसलीय, ज्याला टोळीतली बाकीची कुत्री टिकू देत नाहीत किंवा जो म्हातारा झालाय, त्याला घराची गरज जास्त.

तिसरा, माणसाच्या स्पर्शाशिवाय वाढलेला. कुत्र्याच्या आयुष्यात तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा. या काळात जे दिसतं, ऐकू येतं, अंगाला लागतं, ते त्याला जन्मभर 'नेहमीचं' वाटतं. या आठवड्यांत माणसाचा हात लागला नाही तर पुढे तो प्रेमाने वाढवूनही अनेकदा बिचकतच राहतो. अशा कुत्र्याला सुधारणारे लोक आहेत आणि त्यांना माझा दंडवत, पण पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याने हे शिवधनुष्य उचलू नये.

चौथा प्रकार म्हणजे पिल्लू. डोळेही न उघडलेली पिल्लं दिसली तर लगेच उचलू नका. आई अन्न शोधायला गेलेली असते. लांबून काही तास लक्ष ठेवा. ती परतली नाही, पिल्लं गार पडली किंवा सतत केकाटत राहिली तरच हात घाला.

४. माझा क्रम

पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्या घराला मी अमुक एकच बरोबर असं सांगणार नाही, पण क्रम नक्की सांगेन. सगळ्यात वर: दीड ते पाच वर्षांचा, कुणाच्या तरी घरी फॉस्टरमध्ये, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरता, निदान काही आठवडे राहिलेला कुत्रा. मिश्र असो वा टाकून दिलेला जातिवंत, फॉस्टर करणाऱ्या माणसाला तो रात्री कसा झोपतो, दाराची घंटा वाजली की काय करतो, मांजर दिसलं की काय करतो, हे माहीत असतं. ही माहिती वंशावळीच्या कागदाहून कितीतरी मोलाची. त्याखालोखाल, घरात वेळ असणाऱ्यांसाठी रस्त्यावरून वाचवलेलं पिल्लू, शक्यतो भावंडांबरोबर आठ आठवडे काढलेलं. त्यानंतर, विशिष्ट कामासाठी किंवा विशिष्ट गरजेमुळे ठरावीक जात हवी असेल तर चांगल्या ब्रीडरकडचं, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची पैदास करणाऱ्याकडचं पिल्लू. आणि जाहिरात बघून, आई न दाखवता, थेट हातात ठेवलेलं पिल्लू कधीच नको. त्याची दया येऊन घेतलं तरी त्या पैशातून पुढची वीण काढली जाते.

५. भेटायला जाताना

एकदाच बघून 'हाच' म्हणू नका. दोनदा जा, वेगवेगळ्या वेळी जा, आणि घरातल्या सगळ्यांना एकदा तरी घेऊन जा.

आत गेलात की त्याच्याकडे सरळ चालत जाऊ नका, वरून वाकू नका. थोडं अंतर ठेवून, अंग तिरकं करून जमिनीवर बसा आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलत राहा. तो स्वतः येतो का बघा. येऊन हुंगला की हात मुठीसारखा ठेवून बाजूला न्या, डोक्यावर न ठेवता छातीला किंवा खांद्याला दोन-तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. आता तो काय करतो ते महत्त्वाचं. परत जवळ सरकला, अंग सैल असलं, शेपूट मागच्या धडासकट हलत असलं तर त्याला हवंय. ओठ चाटले, मान वळवली, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसली, अंग आखडलं, तर त्याला नकोय. नुसतं शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे, ही जुनी समजूत अनेकांना चावून गेली आहे. ताठ उभारलेलं, आखूड आखूड हलणारं शेपूट इशाराही असू शकतं.

मग काही गोष्टी करून बघा. किल्ल्यांचा जुडगा थोड्या अंतरावर पाडा. दचकणं ठीक, पण दचकल्यावर किती वेळात सावरतो आणि येऊन किल्ल्या हुंगतो का, हे पाहा. खाऊ द्या आणि तो खाताना थोडं दूरून जा. पट्टा लावून त्याला दाराबाहेर नेता येईल का, असं विचारा. आपल्या जागेत सिंहासारखा वागणारा कुत्रा बाहेर पाऊल टाकताच गोठू शकतो. शेवटी फॉस्टर करणाऱ्या माणसाला एकच प्रश्न मोकळेपणाने विचारा: 'याला कुठल्या घरी द्यायला तुम्हाला आवडणार नाही?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा खरं मिळतं.

जात ओळखण्याच्या फंदात पडू नका. 'यात शेफर्ड आहे वाटतं' असं लोक कान बघून सांगतात. डीएनए चाचण्यांशी ताडून पाहिलं तेव्हा अशी नजरेने केलेली ओळख वारंवार चुकलेली आढळली आहे.

६. ब्रीडरकडे गेलात तर

चांगला ब्रीडर तुमची उलटतपासणी घेतो. घर केवढं, वेळ किती, आधी कुत्रा होता का, त्याचं काय झालं, हे तो विचारतो. पिल्लासाठी महिनोन् महिने थांबायला लावतो. आई पिल्लांसोबत दाखवतो, आणि ती ओळखीच्या माणसासारखी त्याच्याजवळ येते. आई-बापांच्या खुब्यांचे एक्स-रे, डोळ्यांची किंवा हृदयाची तपासणी, जातीप्रमाणे जे लागतं त्याचे कागद न मागता पुढे ठेवतो. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देत नाही. आणि कधीही जमलं नाही तर कुत्रा परत घेईन, असं लिहून देतो.

पिल्लं एका जागी आणि आई 'गावाला' असेल, एकाच माणसाकडे सात-आठ जाती असतील, रस्त्यात भेटून पिल्लू द्यायचं चाललं असेल तर आल्या पावली परत फिरा. 'टीकप', 'मिनी', 'दुर्मिळ रंग' हे शब्द ऐकले की जास्तीच सावध व्हा. ठिपकेदार मर्ल रंगाच्या दोन कुत्र्यांचा संकर केला तर त्यातली काही पिल्लं बहिरी किंवा दृष्टिदोष घेऊन जन्मतात, तरीही रंगासाठी असे संकर होतात. फॅशनेबल संकरांचंही तेच. ऑस्ट्रेलियात १९८९च्या सुमारास वॉली कॉनरन यांनी एका अंध बाईंसाठी लॅब्रेडॉर आणि पूडल यांचा संकर केला. त्याचा पुढे जो बाजार झाला तो बघून आपण हे करायला नको होतं, असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं.

७. पहिल्याच दिवशी डॉक्टर

घरी नेण्याआधी पशुवैद्याकडे जा, घर नंतर. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्यासाठी हे दुप्पट खरं.

दात बघून वयाचा अंदाज येतो: दुधाचे २८ दात, कायमचे ४२, आणि कायमचे साधारण सात महिन्यांपर्यंत आलेले असतात. डॉक्टर हिरड्यांचा रंग पाहतील. फिकट हिरड्या जंत किंवा गोचीडताप सुचवतात. रक्ततपासणी मागून घ्या. गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया, बॅबेसिया हे आजार कुत्रा वरून ठणठणीत दिसत असतानाही रक्तात असतात. डासांमुळे होणाऱ्या हृदयकृमीची तपासणी आधी आणि प्रतिबंधक औषध नंतर, हा क्रम उलटा करू नका. केस गळून कातडी सोललेली असेल तर खरूज असू शकते. तिचा एक प्रकार माणसालाही लागतो, पण तो पूर्ण बरा होतो. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी गाठ आणि रक्तस्राव दिसला तर घाबरून कुत्रा नाकारू नका. एका कुत्र्याकडून दुसऱ्याला होणारा तो ट्यूमर असेल तर बहुतेक वेळा थोड्या इंजेक्शनांत विरघळतो.

गोचिडी काढण्यासाठी चिमटा लागतो. केस बाजूला करून तिचं तोंड जिथे कातडीत रुतलंय तिथे अगदी लगत धरा आणि न पिळता, न हिसडता सरळ ओढा. हातात मोजे घाला, दाबून फोडू नका. तेल, रॉकेल, जळती काडी असले उपाय अजिबात नकोत. कानांच्या घड्या, बोटांच्या बेचक्या, काखा आणि शेपटीचं मूळ ही त्यांची लपायची ठिकाणं.

पिल्लाचं लसीकरण सहा ते आठ आठवड्यांना सुरू होतं आणि सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी चालतं. शेवटचा डोस चुकवू नका. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या लसींना निकामी करू शकते, म्हणून सोळा आठवड्यांनंतरचा तो डोसच खरा आधार. घरात दुसरा कुत्रा असेल तर नव्याला निदान दोन आठवडे वेगळा ठेवा. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू फरशी-मातीत महिनोन् महिने टिकतो. नुकतंच पार्व्होने पिल्लू गेलेल्या घरात लस अपुरी असलेलं दुसरं पिल्लू आणणं म्हणजे त्यालाही मरणाच्या दारात उभं करणं.

रेबीजबाबत हयगय नको. माणसातले जवळपास सगळे रेबीज कुत्र्याच्या चाव्यातून येतात, आणि लक्षणं दिसू लागल्यावर तो जीवघेणाच ठरतो. चावला, ओरखडलं किंवा जखमेवर लाळ लागली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पिल्लू 'एवढंसं' असलं तरी.

औषधांचं एक. कोली आणि तिच्याशी नातं असलेल्या जातींमध्ये एक जनुकीय दोष असतो, त्यामुळे खरजेवर देतात ते आयव्हरमेक्टिनसारखं औषध जास्त प्रमाणात गेलं तर मेंदूवर परिणाम होतो. मिश्र कुत्र्यातही तो असू शकतो, तेव्हा खरजेचं इंजेक्शन कुणा ओळखीच्याच्या सांगण्यावरून देऊ नका. माणसांच्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनच्या गोळ्याही नाहीत. चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका, कांदा, लसूण आणि साखरेऐवजी घातलं जाणारं झायलिटॉल हे सगळं त्याच्या तोंडापासून लांब.

८. पहिले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने

दत्तक देणारे लोक हा हिशेब सांगतात आणि ढोबळमानाने तो बरोबर निघतो. तीन दिवस कुत्रा बावरलेला असतो, तीन आठवड्यांत घरची रीत कळते, तीन महिन्यांत खरा स्वभाव बाहेर येतो. म्हणून पहिल्या आठवड्यात 'किती शांत आहे!' म्हणून हुरळून जाऊ नका, आणि दुसऱ्या महिन्यात भुंकायला लागला म्हणून फसवणूक झाली असंही समजू नका.

रस्त्यावरच्या मोठ्या कुत्र्याला जिना, गुळगुळीत फरशी, आरसा, मिक्सरचा आवाज हे सगळं नवं असतं. एक शांत कोपरा ठरवा, तिथे अंथरूण आणि पाणी ठेवा, आणि तिथे असताना त्याला कुणीही हात लावायचा नाही असा घरात नियम करा. पाहुण्यांना आठवडाभर बोलावू नका. आल्या आल्या आंघोळही नको. अंगाला वास येईना का, तो वास तेवढाच त्याच्या ओळखीचा आहे.

सगळ्यात मोठा धोका पळण्याचा. गळपट्टा मागे सरकून डोकं सुटायला एक सेकंद लागतो. म्हणून पहिले काही आठवडे नीट बसणारा हार्नेस (छाती-पाठीभोवतीचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही घाला, दोन्हींना पट्टा लावा, आणि घरातून निघताना आधी आतलं दार लावून मगच बाहेरचं उघडा. गळ्यात फोन नंबर पहिल्या तासापासून हवा.

शू-शीच्या बाबतीत मोठी भटकी कुत्री अनेकदा आपल्याला चकित करतात, कारण झोपायची जागा घाण न करण्याची त्यांना सवय असते. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी न्या आणि बाहेर केली की तिथल्या तिथे खाऊ द्या. घरात झाली तर नाक घासणं, मारणं, ओरडणं यातून तो इतकंच शिकतो की तुमच्यासमोर करायची नाही. मग पलंगाखाली करतो.

ज्याने अन्नासाठी भांडणं केलीत तो ताटलीवर गुरगुरू शकतो. ताटली ओढून 'मालक कोण' हे दाखवायच्या भानगडीत पडू नका. थोड्या अंतरावरून जाताना ताटलीत आणखी चांगला घास टाका आणि निघून जा. रोज असं केलं की तुमचं येणं म्हणजे काहीतरी जास्तीचं मिळणं, हे त्याला पटतं. मुलांना मात्र या कामापासून पूर्ण दूर ठेवा.

एकटं राहण्याची सवय पहिल्याच आठवड्यात सुरू करा: दार बंद करून दोन मिनिटं बाहेर, मग पाच, मग वीस. सुट्टी काढून पंधरा दिवस त्याला चिकटून राहणं आणि सोळाव्या दिवशी आठ तास गायब होणं, याचा परिणाम कुरतडलेल्या दाराच्या रूपात दिसतो.

पिल्लू आणलं असेल तर वर सांगितलेला चौदा आठवड्यांचा काळ आणि लसीकरणाचा काळ एकाच वेळी चालू असतो. त्याला रस्त्यावर सोडू नका, पण कडेवर घेऊन रहदारी, छत्र्या, सायकली, दाढीवाले, मुलं हे सगळं लांबून दाखवा.

९. नसबंदी, नोंदणी आणि कागद

मिश्र किंवा लहान आकाराच्या कुत्र्यांत नसबंदी सहसा वर्षाच्या आत करतात. मोठ्या जातींत हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबणं सांध्यांसाठी बरं, तेव्हा वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा. मादीची नसबंदी केली नाही तर पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो. माजानंतर काही आठवड्यांनी ती जास्त पाणी पिऊ लागली, मलूल झाली तर रात्र काढू नका. नोंदणी आणि परवान्याचे नियम तुमच्या भागात काय आहेत ते आधी विचारून घ्या आणि चिपच्या नोंदणीत तुमचा चालू फोन नंबर आहे ना ते तपासा.

दत्तकपत्र सही करण्यापूर्वी पूर्ण वाचा. त्यात कुत्रा परत घेण्याची तरतूद असायलाच हवी. तीन महिने मनापासून करूनही घरातल्या मुलाला त्याच्यापासून धोका वाटत असेल किंवा कुत्राच रोज थरथरत असेल, तर आधी वर्तनाचे जाणकार पशुवैद्य गाठा. तरीही जमलं नाही तर जिथून आणला तिथेच परत द्या, ओळखीच्यांकरवी भलत्या घरी ढकलू नका. देताना तो कशाला घाबरतो, काय आवडतं, कुठली लस कधी झाली हे लिहून द्या. कुणाला चावला असेल तर तेही लिहा.